तोनो मोनोगातारी (चित्रकादंबरी)

जपानी चित्रकथाकार मिझुकी शिगेरु (१९२२–२०१५) यांची उतारवयातली चित्रकादंबरी. नावाचा अर्थ ‘तोनोच्या गोष्टी’. लोकसाहित्याचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांच्या १९१० मधील याच नावाच्या ग्रंथावर ती बेतलेली आहे. मूळ ग्रंथाच्या शताब्दीच्या वर्षी, २०१० मध्ये, ती पुस्तकरूपाने आली. झॅक डेव्हिसन यांचा इंग्रजी अनुवाद २०२१ चा.

तोनो हा इवाते प्रांतातला, डोंगरांनी चहूबाजूंनी वेढलेला मुलूख. तिथल्या सासाकी किझेन या तरुणाने सांगितलेल्या गोष्टी यानागितांनी टिपून घेतल्या आणि ११९ छोट्या नोंदींचे पुस्तक स्वखर्चाने छापले, अवघ्या ३५० प्रती. भाषा सासाकींच्या बोलीची नाही, मोजकी ग्रांथिक जपानी आहे. ‘एक आटपाट नगर होते’ अशी सुरुवात इथे नाही. अमक्या गावात, तमक्या घराण्यात घडले, एवढेच सांगून नोंद थांबते.

६३ वी नोंद पाहावी. मिउरा घराण्यातली काहीशी भोळी सून रानभाजी खुडत ओढ्याच्या काठाने फार आत जाते. समोर काळ्या दरवाजाचा वाडा. अंगणात तांबडी-पांढरी फुले, कोंबड्या, गोठ्यात गुरे, आत तांबड्या-काळ्या वाडग्यांची मांडणी, शेगडीवर उकळते आधण. माणूस मात्र एकही नाही. ती घाबरून रिकाम्या हाताने पळते. पुढे एकदा ओढ्यावर धुणे धुताना एक तांबडा वाडगा वाहत येतो. त्यात जेवायला तिचे मन धजत नाही, म्हणून ती तो धान्य मापायला कोठीत ठेवते, आणि कोठीतले धान्य काही केल्या सरत नाही. अशा घरातून काहीतरी उचलून आणावे असा समज; हिने काही घेतले नाही, म्हणून वाडगा आपणहून आला.

अशा कोरड्या, आटोपशीर मजकुराला मिझुकींनी चेहरे दिले. त्यांची जुनी हातोटी अशी, की माणसे चार रेघांची, जवळजवळ व्यंगचित्रातली; मागची झाडी, छपरे, पाणी मात्र ठिपक्या-ठिपक्यांनी छायाचित्रासारखे दाट भरलेले. दुसऱ्या महायुद्धात राबौलच्या आघाडीवर डावा हात गमावल्यावर त्यांनी हे सारे एका हाताने काढले, हे मुद्दाम आठवावे लागते. ‘गेगेगे नो कितारो’ या चित्रकथामालिकेमुळे जपानच्या घरोघरी भुते लाडकी करणारा हाच चित्रकार, तेव्हा तोनोचा लाल तोंडाचा जलराक्षस कप्पाही त्यांच्या हाती थोडा आपलासा वाटू लागतो. यानागितांच्या गद्यातला गारठा त्यात काहीसा ओसरतो, हे मान्य करायला हवे.

त्याची भरपाई दुसरीकडे होते. मिझुकी स्वतःच पुस्तकात शिरले आहेत. यानागिता-सासाकींच्या वाटेने चालायला निघालेला हा म्हातारा डोंगर चढताना दमतो, कुरकुरतो, आणि त्या चालीतच गोष्टी सांगत जातो. शेवटी त्याची गाठ खुद्द यानागितांशी पडते आणि दोघे आपापल्या पुस्तकांबद्दल बोलत बसतात.