काहील बदलली, गुळव्या तोच

बेळगावात १८८८ साली सायकलचे दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. गुऱ्हाळाला मात्र लोखंडाचे वावडे नव्हते. लाकडी घाण्याच्या जागी बैलांचा लोखंडी चरक आला, पुढे इंजिनाचा. आमच्या घरच्या गुऱ्हाळात आता काहीलही स्टेनलेस स्टीलची आहे. ती गंजत नाही. घासणाऱ्याचे हात वाचतात, हेही इतिहासात यायला हवे! चुलवणातले चिपाड आणि मळी वर आणणारा रानभेंडीचा चीक मात्र जुनाच. पाक ११८ अंशांच्या आसपास गेला की काहील उतरवायची, म्हणून आम्ही तापमापक आणला. गुळव्याने तो बाजूला ठेवला, गार पाण्यात पाकाची गोळी करून पाहिली आणि कानडीत म्हणाला, "साकु."