समासातील नावे

काम करणे निराळे आणि ते योग्य नजरेस पडणे निराळे, हे गाव सोडून नोकरीसाठी दूर आलेल्या आम्हा मंडळींना कोणी शिकवावे लागत नाही. कलावंतांच्या बाबतीत तर हा भेद फार जुना आहे. अकबराच्या चित्रशाळेचा वृत्तांत वाचला म्हणजे त्याची साक्ष पटते.

ही चित्रशाळा म्हणजे एक रीतसर खातेच होते. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त लिहून ठेवले आहे की, दारोगे व कारकून दर आठवड्यास सर्व चित्रकारांचे काम बादशहापुढे ठेवीत. मग गुणानुसार कोणास इनाम मिळे, तर कोणाचा मासिक पगार वाढे. हा मार्ग किती दूरवर नेई ते पाहावयाचे असल्यास अब्दुस्समदाकडे पाहावे. हुमायूनच्या पदरी आलेला हा इराणी चित्रकार अकबराच्या काळी फत्तेपूर सिक्रीच्या टांकसाळीचा प्रमुख झाला आणि पुढे मुलतानचा दिवाण.

त्याचाच शिष्य दसवंत. हा पालखी वाहणाऱ्या कहाराचा, आपल्या भाषेत भोयाचा, मुलगा. भिंतींवर चित्रे काढण्याचा त्यास नाद होता. ती एके दिवशी बादशहाच्या दृष्टीस पडली आणि मुलगा अब्दुस्समदाच्या हाती सोपविला गेला. थोड्याच काळात तो साऱ्यांच्या पुढे गेला. अबुल फजलने नावानिशी उल्लेखिलेल्या सतरा चित्रकारांत त्याचे स्थान अगदी वरचे आहे. परंतु त्याच ग्रंथात, कित्येक जाणते बसावनला दसवंताहून सरस मानतात, असाही शेरा आहे.

महाभारताच्या फारसी भाषांतराची, 'रज्मनामा'ची, जी सचित्र प्रत जयपूरच्या राजसंग्रहात आली, तिच्या समासांत कारकुनांनी बारीक अक्षरांत नोंदी केल्या आहेत: 'तरह' म्हणजे आराखडा अमक्याचा, 'अमल' म्हणजे रंगकाम तमक्याचे. दसवंताची आज ज्ञात असलेली बहुतेक चित्रे याच ग्रंथातील, आणि त्यांत रेखाटन त्याचे, रंग दुसऱ्याचे. त्यापूर्वीच्या 'हम्जानामा'ची चित्रे सुमारे 1,400 होती व त्यांस जवळजवळ पंधरा वर्षे लागली. त्यांतील जी थोडी पाने उरली, त्यांपैकी बहुतेकांवर अशी नोंद नाही. तेथे किती हात राबले आणि कोणाचे, हे आता तर्कानेच ठरवावे लागते.

पुढे जहांगीराने, एकाच चित्रात चेहरा एकाचा आणि डोळे-भुवया दुसऱ्याच्या असल्या तरी आपण ते ओळखू शकतो, अशी बढाई आपल्या आत्मवृत्तात मारली. 1618 साली त्याने अबुल हसनला 'नादिर-उज्-जमान' हा किताब दिला. चित्रकाराचे नाव समासातून दरबारात आले ते असे.

दसवंताला मात्र कीर्ती तारू शकली नाही. त्याच्या बुद्धीला भ्रम झाला आणि 1584 साली त्याने स्वतःच आपला अंत करून घेतला. बादशहाची नजर त्याला भिंतीपासून दरबारापर्यंत घेऊन आली; त्याच्या मनातील काळोखापर्यंत ती पोचली नाही.

तरीही आज आम्ही त्याचे नाव घेतो, ते त्या अनाम कारकुनांच्या टिपणांमुळे. आमच्यापैकी कित्येकांच्या हाती आज तीच लेखणी आहे. मसुदा कोणी केला, नकाशा कोणी आखला, हे टाचणात एका ओळीत लिहिण्यास वेळ तो किती लागतो? आणि तो करणारा माणूस खुर्चीवर कसा बसला आहे, हेही मान वर करून एकदा पाहावे.