सन टीव्ही

तमिळ भाषेतील खासगी उपग्रह दूरचित्रवाहिनी. मुख्यालय चेन्नई. कलानिधी मारन यांनी १४ एप्रिल १९९३ रोजी ती सुरू केली. ते तमिळनाडूतील द्रमुक पक्षाचे नेते मुरासोली मारन यांचे पुत्र. मुरासोली हे द्रमुकचे अध्यक्ष एम. करुणानिधी यांचे भाचे. ‘सन’ म्हणजे सूर्य; उगवता सूर्य ही द्रमुकची निवडणूक निशाणी आणि वाहिनीचे कार्यालयही अनेक वर्षे ‘अण्णा अरिवालयम’ या पक्षाच्या मुख्यालयातच होते; त्यामुळे दोघांचे नाते कधी लपून राहिले नाही. जून २००१ मध्ये करुणानिधींना मध्यरात्री अटक झाली. ती दृश्ये सन टीव्हीने वारंवार दाखवली आणि राज्यातील जयललिता यांच्या अण्णाद्रमुक सरकारवर देशभर टीका झाली. प्रादेशिक वाहिनीचे राजकीय बळ इतके उघडपणे क्वचितच दिसले असेल. अण्णाद्रमुकच्या बाजूने जया टीव्ही १९९९ पासून होतीच.

मालिका, चित्रपट आणि सन समूहाचे ‘सुमंगली’ केबल जाळे यांवर वाहिनीचे आर्थिक वर्चस्व उभे राहिले. मे २००७ मध्ये समूहाच्या ‘दिनकरन’ दैनिकाने करुणानिधींच्या वारसदाराविषयी जनमत चाचणी छापली. त्यानंतर दैनिकाच्या मदुराई कार्यालयावर हल्ला होऊन तीन कर्मचारी मृत्युमुखी पडले. या निरपराधांच्या मृत्यूचा उल्लेख टाळून वाहिनीचा इतिहास सांगणे अन्यायाचे ठरेल. या वादात कलानिधी यांचे बंधू दयानिधी मारन यांनी केंद्रीय मंत्रिपद सोडले. सप्टेंबरमध्ये द्रमुकच्या पाठबळाने कलैग्नर टीव्ही सुरू झाली. डिसेंबर २००८ मध्ये मारन आणि करुणानिधी कुटुंबांत समेट झाला.

समूहाची ‘सन मराठी’ २०२१ पासून प्रक्षेपित होते.