सात प्रश्नचिन्हं आणि ९८

परवा दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर २००२ सालची माझी ऑफिसची डायरी सापडली. एका पानावर ओळीने सात प्रश्नचिन्हं आणि पुढे ९८, एवढंच. बायकोने विचारलं, हे काय? म्हटलं, माझी फजिती!

तेव्हा मी पुण्यातल्या एका कंपनीत नेटवर्क सांभाळायचो. माणसं दोनेकशे. साहेबांच्या परवानगीने आम्ही आपल्याच सर्व्हरवरचे पासवर्ड तपासायला घेतले. त्यासाठी 'लॉफ्टक्रॅक' हा प्रोग्राम होता, बॉस्टनच्या 'लॉफ्ट' या हॅकर मंडळींनी १९९७ मध्ये काढलेला. चहा येईपर्यंत पडद्यावर देवांची, मुलांची नावं उमटायला लागली. मी निर्धास्त होतो. माझा पासवर्ड म्हणजे लेकीचं नाव गौरी आणि तिचं जन्मसाल १९९८. इंग्रजीत नऊ अक्षरं, पहिलं कॅपिटल. आणि माझ्या नावापुढे आलं काय, तर सात प्रश्नचिन्हं आणि ९८! शेजारचा मित्र हसत म्हणाला, "काय रे, गौरी अठ्ठ्याण्णवची ना?"

शेवटचे दोन आकडे आधी कसे सापडले? त्याचं मूळ १९८७ मध्ये आहे. मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम यांनी तेव्हा 'लॅन मॅनेजर' आणलं. पासवर्ड जसाच्या तसा न ठेवता त्याचा 'हॅश' ठेवायचा, ही कल्पना चांगलीच. दळलेल्या पिठातून गहू परत मिळत नाहीत, तसं. पण ही चक्की आधी सगळी अक्षरं कॅपिटल करायची, मग सात-सातचे दोन तुकडे पाडून ते वेगवेगळे दळायची. म्हणजे चोराला चौदा अक्षरांचं एक कोडं नाही, तर सात अक्षरांची दोन सोपी कोडी. माझ्या दुसऱ्या तुकड्यात उरले दोनच आकडे!

शिवाय पिठात मीठ नव्हतं. खरंच, 'सॉल्ट' म्हणतात त्याला. हॅश करताना प्रत्येकासाठी वेगळी भर घालायची, म्हणजे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश निराळे दिसतात. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्ससाठी केलेलं हे काम १९७९ मध्येच छापून आलं होतं. त्याच लेखात त्यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले, त्यातले ८६ टक्के सहज सापडण्यासारखे निघाले.

१९९३ च्या विंडोज एनटीने तुकडे न पाडणारा नवा हॅश आणला. पण जुन्या मशीनना आत येता यावं म्हणून जुना हॅशही शेजारीच ठेवला. नवं कुलूप पुढच्या दाराला, मागचं दार नुसतं लोटलेलं. ही सवय आपोआप बंद झाली ती २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टापासून.

आमच्याकडे ते दार लावता आलं असतं. विंडोज २००० मध्ये तशी सोय आली होती. पण अकाउंट्समध्ये एक विंडोज ९८ चं मशीन होतं, पगाराचा जुना प्रोग्राम त्यावरच चालायचा. साहेब म्हणाले, "मग लोकांचे पगार थांबवू का?" मी गप्प बसलो. एका मशीनसाठी दोनशे जणांचे पासवर्ड दोन वर्षं उघड्यावर राहिले, आणि मला ते माहीत होतं. काही बिघडलं नाही हे नशीब, माझी हुशारी नव्हे. २००४ मध्ये ते मशीन भंगारात गेलं तेव्हा मी ती सोय सुरू केली. पण जुने हॅश पासवर्ड बदलेपर्यंत पुसले जात नाहीत, म्हणून एकेकाच्या टेबलाशी जाऊन विनवण्या केल्या.

आता वाटतं, अशा गोष्टी अज्ञानामुळे कमी आणि भिडेमुळे जास्त टिकतात. जुन्या माणसाला, जुन्या मशीनला 'आता पुरे' म्हणवत नाही. एनटीच्या काळातली ओळख पटवायची 'एनटीएलएम' पद्धत मोडीत काढत असल्याचं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं, तेसुद्धा २०२४ मध्ये.

असो. गौरीला फोनवर हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तो पासवर्ड अजून कुठे वापरत नाही ना?"

मी विषय बदलला. आणि रात्री पासवर्डही.