काजळीवरची रेघ

दूरदेशीच्या भूकंपाची पहिली रेघ कुणी मुद्दाम काढली नव्हती. एर्न्स्ट फॉन रेबॉयर-पाश्विट्झ हा जर्मन शास्त्रज्ञ ओळंब्याचे बारीक हेलकावे मोजत होता. १७ एप्रिल १८८९ला पॉट्सडॅम आणि विल्हेल्म्सहाफेन इथल्या त्याच्या फोटोच्या कागदांवर रेघ अचानक फुगली. पुढे ‘नेचर’मध्ये टोकियोच्या भूकंपाची बातमी वाचली, तेव्हा उलगडा झाला.

भूकंपशास्त्रज्ञ जॉन मिल्नने मग भूकंप नोंदणारी यंत्रं जगभर पोचवली. १८९८-९९मध्ये ती कोलकाता, कोडाइकॅनल आणि आपल्या कुलाब्याला बसली. फोटोचा कागद महाग, म्हणून अनेक वेधशाळांनी काजळी पत्करली. गुळगुळीत कागद ड्रमवर ताणायचा, रॉकेलच्या ज्योतीवर काळा करायचा आणि सुईला त्यावर ओरखडे काढू द्यायचे. शाईच्या निबापेक्षा सुई काजळीवर हलकी सरकते, हा खरा फायदा. दर मिनिटाला रेघेत खूण पडे. कागद उतरवला की लाखेच्या रोगणात बुडवायचा, नाहीतर बोट लागलं तरी भूकंप पुसला जाई!

आता हे कागद पिवळे पडून त्यांचे तुकडे होऊ लागलेत, म्हणून स्कॅनिंग चाललंय. पण स्कॅन हे निव्वळ चित्र. त्यातून आकडे काढायचे तर रेघ बिंदूबिंदूने गिरवावी लागते. मोठ्या धक्क्यात शेजारच्या तासांच्या रेघा एकमेकींवर चढतात, तिथे संगणकही गोंधळतो आणि माणूसच बसतो. सुईचा दांडा कमानीत फिरतो, म्हणून लाटा एका अंगाला कललेल्या दिसतात. तो कलही हिशेबात धरून सरळ करावा लागतो.

एवढा खटाटोप कशाला? ११ डिसेंबर १९६७च्या कोयना भूकंपात धरणातल्याच यंत्राने नोंदलेली हालचाल आकड्यांत उतरली, आणि काँक्रीटच्या धरणांची गणितं आजही जगभर तिच्यावर तपासली जातात. तो धक्का पुन्हा मागवता येत नाही.

आणि नुसती रेघ वाचवून भागत नाही. लोलकाचा आवर्तनकाळ, यंत्र हालचाल किती पट मोठी करून दाखवत होतं, घड्याळ किती सेकंद पुढे-मागे होतं, हे सारं वेधशाळेच्या वहीत लिहिलेलं असतं. वही गेली की आलेख नुसती नक्षी उरते. जुन्या वेधशाळांची कपाटं आवरणाऱ्यांनी कागदांआधी त्या वह्या बाजूला काढाव्यात. रद्दीत पहिल्यांदा त्याच जातात.