डबीवरचे नाव

‘फझ’ या इंग्रजी शब्दाला मराठीत चपखल प्रतिशब्द नाही. कापडावरची लव, छायाचित्रातला धूसरपणा असे त्याचे अर्थ कोशात मिळतील. पण गिटारवादकांच्या बोलीत ते एका विशिष्ट ध्वनीचे नाव आहे. तारेतून निघालेला विद्युत्-संकेत इतका वाढवायचा की तो मंडलाच्या आवाक्यात मावू नये. मग त्या लहरीचे गोलसर माथे छाटले जातात, मूळ स्वरात नसलेले उपस्वर त्यात मिसळतात आणि कानी पडतो तो घोगरा, दाट, गांधीलमाशीच्या गुणगुणण्यासारखा आवाज. ध्वनिअभियंत्याच्या परिभाषेत ही निव्वळ विकृती होय. एखाद्या दोषाला शैलीची प्रतिष्ठा कशी मिळते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांना नवा नाही. येथे आम्हांला त्याच्या पुढच्या पायरीविषयी लिहावयाचे आहे: प्रतिष्ठा मिळाल्यानंतर त्या दोषाची ‘अस्सल प्रत’ मिळवण्याचा जो उद्योग सुरू होतो, त्याविषयी.

हा आवाज काढणारी छोटी पेटी वादकाच्या पायाशी असते, म्हणून तिला पेडल म्हणतात. १९६०च्या दशकातल्या पहिल्या पेडलांत जर्मेनियम या मूलद्रव्याचे ट्रान्झिस्टर होते. त्यांचे मोठे उत्पादन केव्हाच थांबले आहे. त्यामुळे आज पेडल बांधणारे हौशी आणि व्यावसायिक लोक जुन्या गोदामांतला माल, मोडीत निघालेले रेडिओ, लष्कराचे उरलेसुरले साठे धुंडाळत असतात. आणि धुंडाळताना त्यांतले बहुतेक जण प्रथम वाचतात तो त्या नखाएवढ्या डबीवर छापलेला क्रमांक. या क्रमांकावरची श्रद्धा इतिहासाला धरून नाही, असे आमचे मत आहे. ते पटवून द्यायचे तर थोडे मागे जावयास हवे.

फझचा जन्म अपघाताने झाला, ही कथा पुष्कळदा सांगितली जाते आणि ती खरीही आहे. मार्टी रॉबिन्स या गायकाचे ‘डोन्ट वरी’ हे गाणे १९६० साली अमेरिकेतील नॅशव्हिल येथे ध्वनिमुद्रित होत असताना मिक्सिंग कन्सोलची एक वाहिनी बिघडली आणि ग्रेडी मार्टिन याच्या बास गिटारचा आवाज फाटून निघाला. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रकाने तो भाग तसाच राहू दिला. १९६१ साली गाणे गाजले, आणि तसाच आवाज हवा म्हणून इतर वादक विचारणा करू लागले. मधल्या काळात बिघडलेली वाहिनी पुरतीच निकामी झाली होती. तेव्हा स्नॉडीने तो बिघाड ट्रान्झिस्टरांच्या साहाय्याने मुद्दाम घडवून आणणारे मंडल तयार केले आणि गिब्सन कंपनीला दिले. १९६२ साली ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने बाजारात आले. आत आरसीए कंपनीचे तीन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आणि दीड-दीड व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या. गंमत अशी की, कंपनीने या पेटीची जाहिरात पितळी सुषिर वाद्ये आणि चेलो यांची नक्कल करणारे साधन म्हणून केली. गिटारचा एक नवा स्वतंत्र आवाज आपण विकत आहोत, हे तिला उमगलेच नव्हते. पहिल्या वर्षी दुकानदारांनी हजारोंनी पेट्या उचलल्या. नंतर मागणी जवळजवळ थांबली.

१९६५ साली रोलिंग स्टोन्सच्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये कीथ रिचर्ड्सने ही पेटी वापरली, तीही नंतर तेथे पितळी वाद्ये घालता येतील एवढ्यापुरती खूण म्हणून. कच्चा आराखडाच छापला गेला आणि तोच अंतिम पाठ ठरला. (ओटिस रेडिंगने त्याच वर्षी हे गाणे खरोखरीच्या पितळी वाद्यांसह गायिले. ते उत्तम आहे. पण आज ती सुरावट आठवते ती फझच्याच आवाजात.) दुकानांत पडून राहिलेल्या पेट्या त्यानंतर भराभर खपल्या.

लंडनमध्ये तोवर निराळी खटपट सुरू झाली होती. व्हिक फ्लिक या वादकाला फझ-टोनचा स्वर अधिक काळ टिकावा असे वाटत होते. त्याच्या सांगण्यावरून गॅरी हर्स्टने १९६५ साली त्या मंडलात फेरफार करून ‘टोन बेंडर’ बनवले. १९६६ साली आयव्हर आर्बिटर याच्या कंपनीने ‘फझ फेस’ आणला. मायक्रोफोनच्या स्टँडच्या गोल बैठकीवरून सुचलेले त्याचे रूप एखाद्या हसऱ्या चेहऱ्यासारखे दिसे. आतले मंडल पाहिले तर आश्चर्य वाटते: दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन फिरत्या कळा. एवढ्यात सारे आटोपते. इतकी तुटपुंजी सामग्री असल्यामुळेच त्या दोन ट्रान्झिस्टरांचा स्वभाव थेट कानांपर्यंत पोचतो. त्याला सावरून घेणारे दुसरे काही मंडलात नाही.

ज्याच्या नावाने आज एवढा गजर चालतो, तो ‘एनकेटी २७५’ या फझ फेसमधला. तो बनवी न्यूमार्केट ट्रान्झिस्टर्स ही कंपनी; घोड्यांच्या शर्यतींसाठी प्रसिद्ध असलेल्या इंग्लंडमधील न्यूमार्केट या गावची. हा ट्रान्झिस्टर संगीतासाठी मुळीच घडवलेला नव्हता. रेडिओ आणि तत्सम उपकरणांत वापरायचा तो एक सामान्य, स्वस्त नग होता, आणि आर्बिटरच्या कंपनीने तो सहज मिळत होता म्हणून वापरला. तो नसेल तेव्हा ‘एसी १२८’ किंवा एखादा फ्रेंच नगही त्या पेट्यांत बसवला गेला. अस्सलतेच्या शोधात निघालेल्यांनी हे विसरू नये की, ज्यांनी मूळ वस्तू घडवली त्यांना अस्सलतेची काडीचीही फिकीर नव्हती.

बरे, एका क्रमांकाचे सारे नग सारखे तरी होते काय? येथे घडणीची रीत थोडी समजून घ्यावी लागते. जर्मेनियमची अतिशय पातळ चकती घेऊन तिच्या दोन्ही बाजूंना इंडियम धातूचे बारीक मणी ठेवीत आणि भट्टीत तापवीत. मणी वितळून दोन्ही बाजूंनी जर्मेनियममध्ये मुरत जात. मधे जो अतिपातळ थर उरे, त्याच्या जाडीवर ट्रान्झिस्टरची संकेत वाढवण्याची शक्ती, म्हणजे गेन, अवलंबून असे. मुरण्यात केसाच्या अंशाएवढा फरक पडला की एका नगाचा गेन ४० भरे, तर शेजारच्याचा १४०. म्हणून नग आधी बनत, मग मोजले जात, आणि मोजमापानुसार त्यांची वर्गवारी होऊन त्यांवर क्रमांक पडत. क्रमांक म्हणजे एका ऐसपैस पट्ट्याचे नाव. त्या पट्ट्यात काय बसेल याची हमी होती. नेमके काय बसले आहे, हे डबीवर कोठेही लिहिलेले नसे.

जर्मेनियमचा दुसरा स्वभावदोष म्हणजे गळती. बंद असायला हवा तेव्हाही या ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह पाझरत राहतो आणि उष्णतेबरोबर तो वाढतो. ढोबळमानाने दर दहा अंशांना दुप्पट होतो. सिलिकॉनमध्ये हा पाझर नगण्य असतो. शिवाय सिलिकॉनच्या पृष्ठभागावर त्याच्याच ऑक्साइडचे टिकाऊ कवच चढवता येते, तर जर्मेनियमचे ऑक्साइड पाण्यात विरघळते. १९५९ साली फेअरचाइल्ड कंपनीत ज्याँ होर्नीने या कवचाच्या आधारे समतल ट्रान्झिस्टरची पद्धत शोधली, आणि जर्मेनियमचे भवितव्य तेथेच ठरले. १९४७च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर जर्मेनियमवर चालवून दाखवला होता. पंचवीस वर्षांच्या आत ते मूलद्रव्य या धंद्यातून जवळपास हद्दपार झाले. फझ फेसमध्येही १९६०च्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन आले. जिमी हेन्ड्रिक्सच्या नावावर जर्मेनियमची सारी पुण्याई जमा केली जाते, पण त्याच्याकडेही १९६९च्या सुमारास सिलिकॉनचे फझ फेस होते. हे भाविकांना सांगितले तर ते नाराज होतात. असो.

मग जर्मेनियममध्ये विशेष काही नाहीच काय? आहे. त्यात माथे छाटले जाण्याची सुरुवात जरा मवाळ होते, आणि गिटारवरची आवाजाची कळ थोडी मागे घेतली की फाटलेला स्वर जवळजवळ निवळ होतो. वादकाला हाताशी असलेली ही श्रेणी मोलाची आहे. प्रश्न आहे तो ती कोणत्या नगात मिळेल, हे ओळखायचे कसे.

पोथीच्या पुष्पिकेत एखाद्या थोर कवीचे नाव आहे एवढ्यावरून ती रचना त्याची, असे आपण मानत नाही. बाह्य प्रमाणाबरोबर अंतःप्रमाण पाहतो, प्रती जुळवतो. शके १५०६मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तीही प्रत्यक्ष पाठ तपासून. प्रत कोणाच्या घरची, एवढ्यावर ते थांबले नाहीत. ट्रान्झिस्टरांच्या बाजारात पुष्पिकेची भेसळ आणखी सोपी आहे. सामान्य नगावरची छपाई पुसायची, वर ‘एनकेटी २७५’ किंवा ‘ओसी ४४’ असे छापायचे, की किंमत अनेक पटींनी वाढते. गिऱ्हाईक नाव वाचते तोवर हे चालायचेच.

अंतःप्रमाण पाहण्याची जी रीत आर. जी. कीन या अमेरिकी अभियंत्याने मांडली, ती अतिशय साधी आहे. नऊ व्होल्टची बॅटरी घ्यावी. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला २,४७२ ओहमचा रेझिस्टर जोडून त्यावरचा दाब मल्टिमीटरने मोजावा. या वेळी बेसला काहीही जोडलेले नसते, म्हणून जे काही दिसेल ते गळतीचे. मग २२ लाख ओहमच्या रेझिस्टरमधून बेसला सुमारे चार मायक्रोॲम्पिअर प्रवाह द्यावा आणि पुन्हा मोजावे. दुसऱ्या आकड्यातून पहिला वजा केला की खरा गेन मिळतो: एक व्होल्ट म्हणजे शंभर. स्वस्त मल्टिमीटरवरची ट्रान्झिस्टर तपासण्याची सोय ही वजाबाकी करीत नाही. तो १५० दाखवील, आणि त्यांतले ५० निव्वळ गळतीचे असतील. फझ फेससाठी पहिला ट्रान्झिस्टर ७० ते ८०च्या आणि दुसरा १०० ते १३०च्या आसपासचा असावा, असा बांधणाऱ्यांचा अनुभव आहे. हे आकडे मिळाले तर डबीवर काय छापले आहे याने फरक पडत नाही. न मिळाले तर वर ‘एनकेटी २७५’ छापलेले असूनही पेटी भिकार वाजते. १९६६ सालीही त्या तशा वाजत असत. कारखान्यात नग निवडून बसवण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे जाणते वादक दुकानात अनेक पेट्या वाजवून त्यांतली एक उचलीत. आज ज्याला ‘साठच्या दशकातला आवाज’ म्हणतात तो अशा निवडीतून उरलेला आवाज आहे. वाईट पेट्यांची आठवण कोणी ठेवली नाही.

‘जुना पण न वापरलेला माल’ या शब्दांचीही अशीच मोहिनी आहे. न वापरलेला म्हणजे शाबूत, असे मानण्याचे कारण नाही. मलार्ड कंपनीची ‘एएफ ११४’ ते ‘एएफ ११७’ ही मालिका याचा पुरावा आहे. या नगांच्या डबीच्या आतून कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि आतल्या जोडण्यांना चिकटतात. पन्नास वर्षे खोक्यात सुरक्षित राहिलेला नग खोक्यातच मेलेला निघतो. त्याच कंपनीचा ‘ओसी ७१’ काचेच्या नळीत येई आणि नळीवर काळा रंग दिलेला असे; तो खरवडला की ट्रान्झिस्टर प्रकाशाला प्रतिसाद देई. प्रकाशसंवेदी ‘ओसीपी ७१’ महाग, म्हणून इंग्लंडमधल्या हौशी पोरांनी किती ‘ओसी ७१’ खरवडले असतील, देव जाणे. आज त्या काळ्या रंगाचा टवका उडाला असेल, तर दिव्याखाली केलेले मोजमापही फसवे ठरू शकते.

पश्चिमेकडचे साठे आटत गेले तसे खरेदीदार पूर्वेकडे वळले. सोव्हिएत संघात जर्मेनियमचे उत्पादन अधिक काळ चालले होते, आणि त्या राज्याच्या विघटनानंतर लष्करी गोदामांतला ‘एमपी ३९’, ‘एमपी ४२’ असा माल बाहेर पडला. वर रशियन अक्षरे असल्याने त्याला आख्यायिकेचे वलय नव्हते, म्हणून तो स्वस्त राहिला. मोजून घेणाऱ्यांना त्यात उत्तम नग सापडले.

आणि आपल्याकडे? बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ साली जर्मेनियमची अर्धवाहक साधने बनवण्यास आरंभ केला. ‘बीईएल’ची मुद्रा असलेले ‘एसी १२७’ आणि ‘एसी १२८’ देशातल्या असंख्य ट्रान्झिस्टर-रेडिओंत स्पीकरच्या आधीच्या टप्प्यात जोडीने बसलेले असत. म्हणजे फझ फेसमध्ये ज्या क्रमांकाचा नग गेला, त्याच क्रमांकाचा नग आपल्या माजघरात बातम्या आणि नाट्यसंगीत शक्य तेवढे स्वच्छ ऐकवण्याचे काम करीत होता. माळ्यावर असा एखादा संच पडलेला असेल तर तो भंगारात घालण्यापूर्वी उघडून पाहण्यासारखा आहे. नग काढताना मात्र डागणी फार वेळ टेकवू नये, आणि टेकवताना पायाला पक्कड धरावी, म्हणजे उष्णता आत न जाता पकडीत उतरेल. जर्मेनियमला ती सोसत नाही. मोजतानाही नग चिमटीत धरू नये, कारण बोटांच्या उबेनेसुद्धा गळतीचा आकडा चढतो. मे महिन्यात विदर्भात बसून हे करायचे असेल तर पहाटे करावे.