'पुणेवैभवा'तली बातमी आणि बुलढाण्याची बाई

दिवाळी अंक आमच्या घरी फराळाच्या ताटाशेजारीच उघडला जातो. चकलीचे बोट लागून पानांवर तेलाचे डाग पडतात, आणि ज्या पानावर डाग अधिक ते पान घरात अधिक वाचले गेले, असा आमच्या आईचा साधा हिशेब होता. अशा अंकात मी एका बालहत्येच्या आणि एका बलात्काराच्या खटल्याची हकिगत सांगायला बसलो आहे, त्याबद्दल वडीलधाऱ्या मंडळींची आधीच क्षमा मागतो. पण वर्तमानपत्र तर रोज सकाळी चहाच्या कपाशेजारी उघडते, आणि त्यात काय काय असते ते आपण सारेच जाणतो.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका मुलीमुळे. छत्रपती संभाजीनगरात, आमच्या पिढीच्या तोंडी अजून जे औरंगाबाद बसले आहे तिथे, एका लहानशा शाळेत मी मराठी आणि इतिहास शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढचे सारे वाचनालयांच्या कृपेने. दोनचार कादंबऱ्याही लिहिल्या. त्यांतल्या पहिलीत एका शेतमजुराच्या मुलीवर गावातला मातबर माणूस हात टाकतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ती विहीर जवळ करते. दहावीतली एक विद्यार्थिनी मधल्या सुट्टीत ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आली.

"सर, त्याचं पुढं काय झालं?"

"कुणाचं?"

"त्या माणसाचं."

मी पाने चाळली. त्याचे पुढे काहीच झाले नव्हते. सत्त्याण्णवाव्या पानानंतर तो माझ्या कादंबरीतून नाहीसाच झाला होता. विहिरीचे वर्णन मात्र मी साडेतीन पाने केले होते, आणि एका परीक्षकाने नेमकी त्याचीच वाखाणणी केली होती. "तास झाल्यावर सांगतो," असे म्हणून मी तिची बोळवण केली, आणि मास्तर लोक असे म्हणतात तेव्हा काय होते ते मुलांना ठाऊक असते.

रात्री विचार करीत बसलो, की हे मी शिकलो कुठे? गावात तर असे काही पाहिले नव्हते. शिकलो तो वाचून. लहानपणी घरी येणाऱ्या वर्तमानपत्रात अशा बातमीत 'अब्रू लुटली' असे छापलेले असे. मराठी शिकवणाऱ्याने या शब्दांपाशी जरा थांबावे. सोने लुटले गेले तर चोर बदनाम होतो. अब्रू लुटली गेली की जिची लुटली तीच बदनाम! जोडीला 'अतिप्रसंग', म्हणजे प्रसंग होताच, थोडा अति झाला इतकेच. आणि मग 'रात्री एकटीच' हे दोन शब्द, जे बातमीत नसले तरी कुणाचे अडले नसते. शाळेत सकाळी मुले बातम्या वाचतात. तसली बातमी गाळायची असा नियम मीच घातला आहे. वाचणारा मुलगा तिथे क्षणभर अडखळतो, गालात हसतो, आणि पुढच्या बातमीवर जातो. त्या अडखळण्यात सारा वर्ग जे शिकायचे ते शिकून घेतो.

आता जुनी गोष्ट. 1881 साली सुरतेच्या कोर्टात विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर खटला चालला. वैधव्यात दिवस गेले, मूल झाले, आणि लोकलज्जेपायी तिने ते मारले, असा आरोप. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे वरच्या कोर्टात ती कमी झाली आणि फाशी टळली. पण कोर्ट थांबले म्हणून वर्तमानपत्रे थांबली नाहीत. हल्लीच्या बायका कशा बिघडल्या, मोकळीक मिळाली की काय होते, यावर रकाने भरू लागले. पुण्याचे 'पुणेवैभव' हे सनातनी वळणाचे पत्र त्यांत पुढे होते. एका बाईचा गुन्हा घ्यायचा आणि तो समस्त स्त्रीजातीच्या नावे खर्ची टाकायचा, हा हिशेब तेव्हापासूनचा.

हे लिखाण बुलढाण्यात एका बाईच्या वाचनात आले. ताराबाई शिंदे तिचे नाव. बुलढाणा आमच्यापासून फार लांब नाही. पण त्या काळी आमचा मुलूख निजामाच्या अमलात आणि वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हाती, म्हणून ताराबाई आमच्याकडे कुणी कधी 'आपली' मानली नाही, हे जाता जाता सांगून ठेवतो. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत नोकरीला. त्यांनी मुलीला घरीच लिहावाचायला शिकवले. घरचा ओढा जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाकडे.

ताराबाईने उत्तर दिले ते पुस्तकरूपाने. 'स्त्रीपुरुषतुलना' 1882 साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून निघाली. तिच्या लांबलचक उपशीर्षकात एक प्रश्न आहे: स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण? आज 'साहस' म्हटले की आपल्याला गड चढणारी पोरे आठवतात. जुन्या धर्मशास्त्रात 'साहस' म्हणजे बळाने केलेला गुन्हा. म्हणजे बाईने वर्तमानपत्राचा आरोप उचलला आणि जसाच्या तसा उलटा धरला. गुन्हेगार कोण, हेच तिने विचारले.

विधवेला पुन्हा लग्नाची बंदी कुणी घातली? तिला फसवणारा कोण? मूल काय तिला एकटीला झाले? जे जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत की काय? असे ती एकेक दुर्गुण घेऊन विचारीत जाते. भाषा घरातली, चुलीपुढची, फटकळ. मध्येच देवालाही जाब विचारायला ती कचरत नाही. पुराणे आणि गोष्टी लिहिणाऱ्यांवरही तिने तोंड सोडले आहे, आणि ती पाने वाचताना, खरे सांगतो, माझे कान तापले. सुरतेच्या खटल्यातला तो दुसरा माणूस, त्या मुलाचा बाप, बातम्यांच्या साऱ्या गदारोळात कुणाच्या खिजगणतीतही नव्हता. माझ्या सत्त्याण्णवाव्या पानासारखेच.

जोतीरावांना हा दुसरा माणूस पूर्वीच दिसला होता. 1863 साली त्यांनी व सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते, फसलेल्या विधवांनी गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल ठेवून जावे, म्हणून. ताराबाईवर टीकेचा भडिमार झाला तेव्हा 1885 साली 'सत्सार'मधून तिची बाजू घ्यायला पुढे आले ते जोतीरावच. पण ताराबाईचे दुसरे पुस्तक निघाले नाही. आणि हेही पुस्तक असे विस्मृतीत गेले, की डॉ. स. गं. मालशे यांनी ते 1975 साली पुन्हा छापून आणेपर्यंत मराठी वाचकाला त्याचा पत्ता नव्हता. त्र्याण्णव वर्षे!

संमतिवयाच्या वादाची हकिगत शालेय पुस्तकात आहे, म्हणून थोडक्यात आटोपतो. कलकत्त्याची अकरा वर्षांची एक मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली. कायद्यातले वय दहा, म्हणून तो बलात्कार ठरला नाही. नवऱ्याला एक वर्ष सक्तमजुरी झाली. पुढे 1891 साली वय दहाचे बारा करण्याचा कायदा आला तेव्हा 'केसरी' विरोधात आणि आगरकरांचा 'सुधारक' बाजूने, असे आपल्याकडे रण पेटले. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालावा काय, हा प्रश्न. आणि तो लहान नव्हता, हे मी लोकमान्यांचा भक्त म्हणून मान्य करतो. पण त्या रणात ती मुलगी कुठे होती, असे वर्गात कुणी विचारले तर मी निरुत्तर होतो.

आता आपल्या हयातीजवळचे. 26 मार्च 1972 रोजी त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. हा खटला आजही तिच्या नावाने ओळखला जातो. मी ते लिहीत नाही. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, मुलीच्या पूर्वीच्या वागण्याकडे बोट दाखवून. नागपूर खंडपीठाने त्यांना शिक्षा दिली. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, तेव्हा जबरदस्ती कसली, असा एकूण रोख. निकाल लागला आणि देश आपल्या कामाला लागला. एक वर्षाने, 1979 च्या सप्टेंबरात, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. ते छापले गेले, आणि 1980 च्या महिलादिनी बायका रस्त्यावर आल्या. म्हणजे छापील कागदाने ताराबाईला लेखणी उचलायला लावली होती, आणि इथे छापील कागदानेच कायदा हलवला. कागद तोच, लिहिणारा कुणाकडे पाहतो एवढाच फरक.

1983 साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराला वेगळी कडक शिक्षा आली. अशा खटल्यात मुलीने 'माझी संमती नव्हती' म्हटले तर न्यायालय ते गृहीत धरील, असे ठरले. आणि 228अ या कलमाने पीडितेचे नाव छापणे गुन्हा झाला. 1 जुलै 2024 पासून तीच बंदी भारतीय न्याय संहितेच्या 72 व्या कलमात आहे. तिच्या पूर्वचारित्र्यावर बोट ठेवण्याची आरोपीला दिलेली मुभा पुराव्याच्या कायद्यातून जायला मात्र आणखी वीस वर्षे लागली.

नाव गेले; 'रात्री एकटीच' गेले नाही. कुठले कपडे, कुठला मोबाईल, कुणाबरोबर होती, हे सारे नावाशिवायही छापता येते, आणि छापले जाते.

शाळेतला तो नियम मी या जूनमध्ये मोडला. बातमी गाळायची नाही. पण वाचणाऱ्याने आधी ती फळ्यावर लिहायची, आणि वर्गाने सांगायचे की वाक्यात क्रियापद कुणाचे आहे. 'तरुणीवर अत्याचार झाला', यात करणारा कोण? पहिल्या दिवशी मुले हसली. तिसऱ्या दिवशी एका मुलाने स्वतः खडू घेतला आणि वाक्य फिरवून लिहिले. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतले. पालकांची तक्रार होती. नियम पुन्हा लागू झाला नाही, पण फळाही बंद झाला. आता मुले वहीत लिहितात.

कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रिते टेबलावर पडून आहेत. विहिरीची साडेतीन पाने काढून टाकली आहेत. ती मुलगी पहाटे विहिरीवर न जाता तालुक्याची पहिली एस.टी. धरते, इथवर लिहून झाले. तो माणूस सत्त्याण्णवाव्या पानावर पारावर येऊन बसला आहे, आणि प्रकाशकाचा फोन येतो तेव्हा मी म्हणतो, अजून थोडे थांबा, तो अजून तिथेच बसलेला आहे.